कॅमेऱ्याचा डोळा : थोड्या पैशांत पहिली लेन्स कशी निवडावी

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने कॅमेऱ्याच्या लेन्सवर बोलावे, हे काही श्रोत्यांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका राईस मिलमध्ये पट्ट्यात हात सापडून एका हमालाची दोन बोटे गेली. पट्ट्यावर जाळी बसविलेली नव्हती, एवढेच सिद्ध करावयाचे होते. आमच्याजवळ कॅमेरा होता आणि तो चांगला होता. वर्गणी काढून मोठ्या हौसेने घेतलेला होता. त्यावर ७० ते ३०० मिलिमीटरची लांब लेन्स चढविलेली होती. दुकानदाराने "लांबचे दिसते ते चांगले" असे सांगितले आणि ते आम्हांस पटले होते. रात्री मिलमध्ये गेलो तो पाठीमागे भिंत, पुढे यंत्र, मध्ये जेमतेम आठ फुटांची जागा आणि वर एकच पिवळा दिवा. चाकाचा एक तुकडा तेवढा चित्रात आला, आणि तोही हललेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पट्ट्यावर नवी कोरी जाळी बसलेली! त्या गड्याला भरपाई मिळाली, पण उशिरा मिळाली आणि कमी मिळाली. त्या रात्री आमच्याकडे कॅमेरा नव्हता असे नव्हे. प्रसंगाला लागणारा डोळा नव्हता.

तेव्हापासून आम्ही ह्या विषयाची चौकशी करू लागलो. पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले आणि चुकांतून शिकलो. आज गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव ह्या भागांतली पुष्कळ तरुण मुले कॅमेऱ्याकडे वळताना दिसतात. कोणी लग्नाचे फोटो काढून पोट भरू पाहतो, तर कोणाला सारस पक्ष्याचा ध्यास लागला आहे. त्यांपैकी बहुतेकांचे पैसे थोडे असतात आणि पुष्कळदा ते उसने असतात. अशा माणसाने चुकीची वस्तू घेतली तर ती त्याला वर्षभर हप्त्याच्या रूपाने छळते. त्याच्यासाठी हे विवेचन आहे.

कॅमेरा विकत घेणारा माणूस आधी कशाकडे पाहतो? तो बॉडीकडे पाहतो. किती मेगापिक्सेल, कोणते मॉडेल, नवे की जुने, ह्याची चौकशी करतो. लेन्सचे नाव शेवटी निघते आणि तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो. आमच्या मते हा क्रम उलटा असला पाहिजे. डीएसएलआर म्हणजे आत हलता आरसा असलेला कॅमेरा. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो व आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो व तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. म्हणजे आपण जे पाहतो ते लेन्सच्या डोळ्याने पाहतो. मोबाईलपेक्षा ह्या कॅमेऱ्याचा मोठा विशेष कोणता, तर त्याचा डोळा काढून दुसरा बसविता येतो. जो मनुष्य डीएसएलआर घेतो आणि लेन्सचा विचार करीत नाही, त्याने बैल न घेता नुसती गाडी विकत घेतली असे समजावे.

ही निवड आपल्याकडे काही आजची नाही. मुंबईत फोटोचा स्टुडिओ चालविणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावे दादा म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेहून २१ गिनी मोजून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला. १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण त्यांनी केले. त्या काळी एकवीस गिनी म्हणजे लहान रक्कम नव्हे. पण काय टिपावयाचे हे त्यांच्या मनात ठरलेले होते. यंत्र घेण्यापूर्वी काम ठरलेले असावे, हा त्यातला धडा आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. लेन्सवर दोन आकडे छापलेले असतात आणि सारे शहाणपण त्या दोन आकड्यांत आहे. पहिला आकडा मिलिमीटरचा, म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराचा. तो लहान असला की दृश्य रुंद येते. मोठा असला की दूरची वस्तू जवळ दिसते, पण दृश्य अरुंद होते. हे त्रैराशिकाने कोणालाही काढता येईल. पहिल्या कॅमेऱ्यांतील सेन्सर बहुधा सुमारे २४ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच असतो. सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले वस्तूचे अंतर, एवढी रुंदी चित्रात मावते. दहा फुटांवर हळदीचा पाट मांडला आहे असे समजा. १८ मिलिमीटरच्या लेन्सने तेथे सुमारे तेरा फुटांचा देखावा येईल, म्हणजे नवरी, करवल्या, मावश्या सर्व मावतील. ३५ च्या लेन्सने पावणेसात फूट येईल. ५० च्या लेन्सने पावणेपाच फूट, म्हणजे नवरी आणि फार तर आणखी एक माणूस. आमच्या त्या रात्रीचा हिशेब आता श्रोत्यांनीच करावा. आठ फुटांवरून ७० मिलिमीटरने जेमतेम पावणेतीन फूट आले. १८ ची लेन्स असती तर दहा फुटांहून अधिक रुंदी आली असती आणि उघडा पट्टा सगळाच्या सगळा दिसला असता.

येथे एक फसवा शब्द येतो, तो म्हणजे 'क्रॉप'. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती. तेवढ्याच मापाचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यास फुल फ्रेम म्हणतात. तो महाग असतो. स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून तीच लेन्स त्यावर अधिक अरुंद दृश्य देते. निकॉनमध्ये हा फरक दीडपट, कॅननमध्ये १.६ पट आहे. म्हणून फिल्मच्या काळी ५० मिलिमीटरची लेन्स साधारण नजरेची समजली जात असे, तिचे काम लहान सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स करते. हे ठाऊक नसल्याने कित्येक मुले "सर्वांनी ५० घ्या असे सांगितले" म्हणून ५० घेतात व मग घरात चित्र मावत नाही म्हणून खट्टू होतात. सांगणारा खोटे बोलला नव्हता. तो दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होता.

दुसरा आकडा 'एफ'चा. लेन्सच्या आतील छिद्र किती उघडते ते तो सांगतो. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. ५० मिलिमीटर एफ १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी ही मालिका चालते आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या लेन्सवर बहुधा ३.५-५.६ असे लिहिलेले असते. म्हणजे १८ वर ती ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ वर ओढली की ५.६ पर्यंतच. ५.६ आणि १.८ ह्यांत प्रकाशाचा फरक नऊ-दहापटींचा आहे.

ह्याचा अर्थ आपल्याकडे कसा लागतो ते पाहा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात. रंगमंचावरचा प्रकाश डोळ्यांस पुरतो, कॅमेऱ्यास पुरत नाही. किट लेन्सने तेथे समजा एका सेकंदाचा पंधरावा भाग इतका वेळ शटर उघडे ठेवावे लागले, तर तेवढ्यात नट हात हलवितो व चित्रात त्याचा धूर होतो. एफ १.८ ची लेन्स तेच चित्र सुमारे दीडशेव्या भागात घेते. नटाचा हात जागच्या जागी राहतो. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवूनही काम होते, पण मग चित्रात दाणे उमटतात. तेव्हा मोठे छिद्र ही चैन नव्हे. अंधारात काम करणाऱ्याचे ते हत्यार आहे. विडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीत, धानाच्या गोदामात आणि लग्नाच्या मांडवात अंधारच अधिक असतो.

लेन्सच्या अंगच्या प्रतिकंपन-यंत्रणेविषयी, जिला कॅननवर आयएस व निकॉनवर व्हीआर म्हणतात, एक भ्रम आहे. ती आपल्या हाताचा कंप सोसते, समोरच्याची हालचाल थांबवीत नाही. स्थिर देवळाचे चित्र तिने साधेल, नाचत्या पोराचे साधणार नाही. हातात धरून फोटो काढताना एक जुना ठोकताळा ध्यानात ठेवावा. नाभीय अंतरास क्रॉपने गुणावे व तितक्या भागाहून शटर मंद ठेवू नये. ५० ला ऐंशीवा भाग, २५० ला चारशेवा.

आता सारसाकडे वळू, कारण आमच्या जिल्ह्यात लांब लेन्सची ओढ बहुधा त्याच्यामुळेच लागते. महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यांच्या आश्रयाने उरले आहेत आणि ते मोजके आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा पक्षी आहे. धानाच्या बांध्यांत, बोड्यांच्या व माजी मालगुजारी तलावांच्या काठी तो जोडीने वावरतो आणि पावसाळ्यात बांधीतच घरटे करतो. परसवाडा, झिलमिली ह्या तलावांकडे पहाटे गेलेल्यांना तो दिसतो. पाच फूट उंचीचा सारस साठ मीटरवर उभा आहे असे समजू. ५५ मिलिमीटरने सेन्सरवर त्याची उंची दीड मिलिमीटरदेखील भरत नाही. चौकटीचा अकरावा-बारावा हिस्सा म्हणजे एक ठिपका. २५० ने सहा मिलिमीटरच्या वर भरते, म्हणजे चौकटीच्या चार दशांश. हे चांगले चित्र आहे, कारण पक्ष्याभोवती त्याची बांधी, पाणी व पहाटेचे धुके हेही दिसते. ६०० ने चौकट भरून जाते.

येथे प्रश्न केवळ चित्राचा नाही. ज्याची लेन्स आखूड असते तो पायांनी अंतर तोडू लागतो. बांधावरून पुढे, मग बांधीत, मग घरट्याजवळ. सारसाने चरणे थांबवून मान उंचावली आणि तो आपल्याकडे टक लावून पाहू लागला, की आपण हद्दीच्या पुढे गेलो असे समजून मागे फिरावे. घरट्यावरून पक्षी उठला तर अंडी उन्हात व कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतात. शिवाय ती बांधी कोणा शेतकऱ्याची असते. त्याचे रोवणे तुडवून काढलेले चित्र कितीही सुरेख असले तरी त्यात चोरीचा अंश आहे. शेतकऱ्याला विचारावे, बांधावर बसावे, वाट पाहावी आणि घरट्याचा ठिकाणा चारचौघांत जाहीर करू नये. लेन्स लहान आहे म्हणून चित्र लहान आले तर येऊ द्यावे. पक्षी राहिला पाहिजे.

नागझिरा व नवेगाव येथील जंगलाचीही हीच कथा. २०१३ च्या डिसेंबरात ह्या दोहोंसह तो परिसर व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे गाडीतून उतरता येत नाही, म्हणून अंतर आपल्या हाती नसते. पहाटे झाडीखाली प्रकाशही कमी असतो. ५५-२५० किंवा ७०-३०० ची साधी लेन्स चितळ, गवा, रस्त्याकडेचा मोर ह्यांना पुरते. वाघ दिसला आणि दूर असला, तर तो डोळ्यांनी पाहावा. नवेगावच्या तलावावर मात्र १८ मिलिमीटरची रुंदीच उपयोगी. डोंगरांच्या मिठीतले ते पाणी लांब लेन्सने पाहणे म्हणजे दाराच्या फटीतून जत्रा पाहणे होय.

लांब लेन्सचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना आम्हांस थोडी लाजही वाटते. दूर उभे राहून लांब लेन्सने मोर्चाचा फोटो काढला की माणसे एकमेकांस चिकटल्यासारखी दिसतात आणि तीनशेंचा जमाव हजाराचा भासतो. रुंद लेन्सने जवळून काढला की तीच माणसे विरळ दिसतात. कारण पाहणारा जेथे उभा असतो त्या अंतरावर वस्तूंचे परस्पर प्रमाण ठरते. लेन्स केवळ त्यातला तुकडा कापते. आम्ही स्वतः ह्या युक्तीचा मोह अनुभवला आहे. म्हणून कोणत्याही पक्षाच्या सभेचे चित्र पाहताना, ते कोठून व कसल्या लेन्सने काढले आहे, हा प्रश्न श्रोत्यांनी मनात विचारावा. लेन्सचे ज्ञान फोटो काढणाऱ्यालाच हवे असे नाही. फोटो पाहणाऱ्यालाही ते हवे.

एवढे समजल्यावर निवडीचा क्रम सोपा होतो. पहिली पायरी किट लेन्सची, म्हणजे १८-५५ ची. तिला हिणविण्याची फॅशन आहे. ती फॅशन सोडून द्यावी. ही लेन्स हलकी व स्वस्त असून घर, रस्ता, देऊळ, समूह एवढे सारे सांभाळते. सहा महिने हीच वापरावी. मग आपण काढलेले फोटो उघडून प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला ते पाहावे. ती माहिती चित्राबरोबरच साठविलेली असते. बहुतेक चित्रे १८ ते २४ वर असतील तर आपला ओढा रुंदीकडे आहे. सगळी ५५ वर अडली असतील तर लांब लेन्स हवी आहे. चित्रे अंधारात हललेली असतील तर मोठे छिद्र हवे आहे. दुकानदाराच्या सल्ल्याहून हा सल्ला खरा, कारण तो आपल्याच कामाने दिलेला असतो.

दुसरी पायरी एका स्थिर नाभीय अंतराच्या, मोठ्या छिद्राच्या लेन्सची. निकॉनवाल्याने लहान सेन्सरसाठीची ३५ मिलिमीटर एफ १.८ घ्यावी. कॅननवाल्यास ५० मिलिमीटर एफ १.८ सर्वांत स्वस्त पडते व ती चेहऱ्यांस उत्तम आहे. पण घरात काम अधिक असेल तर २४ मिलिमीटर एफ २.८ चा विचार करावा. "झूम नाही म्हणजे काय करावे?" असे विचारतात. चालावे. दोन पावले पुढे, दोन पावले मागे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यातील बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सने केले. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची चित्रे त्याने घेतली, ती जगभर गेली. लुईस हाइन ह्या अमेरिकन शिक्षकाने १९०८ पासून गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे घेतली, तीही पेटीवजा जड कॅमेऱ्याने. बालमजुरीविरुद्धच्या कायद्याची चळवळ त्या चित्रांनी बळकट झाली. कोठे उभे राहावे व कोणाकडे पाहावे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

तिसरी पायरी लांब लेन्सची, ५५-२०० किंवा ५५-२५० अशी. १५०-६०० च्या लेन्सचा विचार पहिल्या दोन वर्षांत करूच नये. ती जड, महाग आणि प्रकाशास कंजूष असते. एखाद्या हंगामापुरती हवीच असेल तर नागपूरसारख्या शहरात लेन्स भाड्याने मिळतात.

पैशांची वाटणी कशी करावी? आमची शिफारस अशी की, हाती शंभर रुपये असतील तर बॉडी व किट लेन्स मिळून पन्नासाच्या पुढे जाऊ नये. वीस मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठी आणि वीस पुढील लांब लेन्ससाठी राखावे. उरलेल्या दहांत दुसरी बॅटरी, कार्ड, पिशवी व लेन्सवरची टोपी बसवावी. पन्नासात बॉडी बसत नसेल तर एक पिढी जुनी घ्यावी. कॅनन व निकॉन ह्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर नव्या घडणीचा डीएसएलआर काढलेला नाही. त्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे वापरलेले डीएसएलआर व त्यांच्या लेन्सेस पुष्कळ स्वस्तात मिळतात. गरिबाचा ह्यात लाभ आहे. शिवाय ह्या लेन्सेस जोडकडी लावून त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यांवरही बव्हंशी चालतात, म्हणून पैसा अगदीच वाया जात नाही.

जोडाविषयी मात्र सावध असावे. कॅननची लेन्स निकॉनवर बसत नाही. कॅननमध्ये 'ईएफ' लेन्स सर्व डीएसएलआरवर बसते, 'ईएफ-एस' लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवरच बसते. निकॉनच्या तीन हजारी व पाच हजारी मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तेथे 'एएफ-एस' घ्यावी. जुनी नुसती 'एएफ' घेतल्यास फोकस हाताने करावा लागेल. 'एएफ-पी' लेन्सेस काही जुन्या बॉडींवर नीट चालत नाहीत, म्हणून आपल्या बॉडीवर लावून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

वापरलेली लेन्स घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. टॉर्चचा झोत एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने काचेत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, घेऊ नये. पुढच्या काचेवरील बारीक ओरखड्याने फारसे बिघडत नाही, मागच्या काचेवरचा ओरखडा वाईट. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे. फोकस जवळून दूर व दुरून जवळ न अडखळता जावा. विटांच्या भिंतीचा समोरून फोटो काढून चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत की नाहीत ते तपासावे. एक कोपरा धूसर असेल तर लेन्स पडलेली आहे. आणि पावतीशिवाय व्यवहार करू नये, कारण स्वस्त मिळालेली वस्तू कोणाच्या तरी घरून गेलेली असू शकते.

आमच्या भागात पावसाळा ओला व लांब, म्हणून बुरशीचे भय मोठे. येथे कित्येकजण कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदळाच्या गावाला हे सुचावे ह्यात नवल नाही, पण ते चूक आहे. तांदूळ ओल फारशी शोषीत नाही आणि त्याची भुकटी मात्र लेन्सच्या सांध्यांत शिरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरे. आणि वस्तू वापरीत राहावी. उजेड व वारा लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

टाळण्याच्या गोष्टी दोन. लेन्सच्या पुढे फिरवून बसवावयाची 'रुंद करणारी' व 'लांब करणारी' स्वस्त काच दुकानात भेट म्हणून देतात. तिने चित्र बिघडते आणि तिची किंमत कोठेतरी धरलेली असते. दुसरी गोष्ट बिनव्याजी म्हणविणाऱ्या हप्त्यांची. त्यात प्रक्रियेचा आकार किती, हप्ता चुकल्यास दंड किती, रोखीने घेतल्यास सूट किती, हे तीन प्रश्न विचारून बेरीज करावी. कॅमेऱ्याने मिळविलेल्या पैशांतून दुसरी लेन्स घ्यावी. लेन्स घेऊन मग मिळकत होईल ह्या आशेवर कर्ज काढू नये. विडीच्या धंद्यात आगाऊ रकमेने बांधली गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या मुलांनी नव्या धंद्यात तोच दोर गळ्यात घालून घेऊ नये.

शेवटी आमच्या स्वभावाला अनुसरून एक सूचना करतो. एका गावातल्या चार-पाच मुलांनी कॅमेरा घेण्यापूर्वी एकत्र बसून एकच जोड ठरवावा. सर्वांनी कॅनन तरी किंवा सर्वांनी निकॉन तरी. असे केले की एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसते. मग प्रत्येकाने एकेक निराळी लेन्स घेतली तरी पाच लेन्सेस पाचांच्या होतात, आणि सारसासाठी लागणारी मोठी लेन्स वर्गणीने घेता येते. वहीत नोंद ठेवावी, मोडतोडीचा नियम आधी लिहून ठेवावा, आणि लग्नसराईत ज्याला काम मिळाले त्याने थोडा हिस्सा दुरुस्तीच्या डब्यात टाकावा. ह्याला भांडवल थोडे लागते, विश्वास अधिक लागतो. पाच जणांनी पाच निरनिराळे जोड घेतले, तर हे सारे जमणार नाही. आम्ही असे झालेले पाहिले आहे.

आमच्या संघटनेच्या कपाटात आज ती ७०-३०० ची लेन्स आहे आणि तिच्या शेजारी एक जुनी १८-५५ व एक ३५ ची आहे. दोन्ही वापरलेल्या घेतल्या, दोन्ही मिळून पहिलीपेक्षा स्वस्त पडल्या. एखाद्या मिलमधून रात्री फोन आला की, जो कोणी कपाट उघडतो तो प्रथम ती लहान लेन्स काढून कॅमेऱ्याला लावतो. त्याला हे आता कोणी सांगावे लागत नाही. त्या हमालाची दोन बोटे परत येत नाहीत, पण पुढच्या वेळी उघडा पट्टा उघडाच दिसेल, एवढी तजवीज आम्ही केली आहे.